मूर्तिजापूरची डाळ

"आधी नळ उघड," आई मला म्हणाली.

मोशीतल्या त्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आम्ही नुकतेच चपला काढून शिरलो होतो. एजंट कुंजीर हॉलच्या मधोमध उभा राहून घरात हवा कशी खेळती आहे ते हातवारे करून दाखवत होता. आईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तडक स्वयंपाकघरात गेली, पदरानं ओटा पुसला आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून मांडायला लागली. पितळी स्टोव्ह, त्याची पिन, काडेपेटी, रॉकेलची बाटली, जर्मनचं पातेलं, पळी. सगळ्यात शेवटी धोतराच्या फडक्यात बांधलेली तुरीची डाळ निघाली.

कुंजीर दारात येऊन थबकला. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, हातात दोन मोबाइल असा तो पुण्याच्या बाजूचा गडी. "मावशी, गॅसची काळजी करू नका. दोन दिवसांत जोडून देतो."

"गॅसचं कोन इचारलं? पानी कसं हाये तुमच्या अठी?"

"पाणी मुबलक. कॉर्पोरेशनचं आहे, बोअर आहे, कमी पडलं तर टँकर आहे."

"किती हाये ते नाई इचारलं मी. डाळ शिजते का त्याच्यात?"

लोकांनी कुंजीरला आजवर पार्किंग विचारलं असेल, शाळा विचारली असेल, दक्षिणेचं दार बघून नाकं मुरडली असतील. डाळीबद्दल त्याला कोणी विचारलं नसावं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याच्या हुकाकडे पाहायला लागलो.

इथं आमच्या वऱ्हाडाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे एखाद्या गावात मुलगी द्यायची म्हटली की जमीन विचारतात, मुलाचं शिक्षण विचारतात आणि पाणी विचारतात. पाणी जड की हलकं. हलक्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते, जड पाण्यात ती कितीही उकळा, दाणा दाणाच राहतो. माझ्या एका आत्याचं ठरलेलं लग्न नवऱ्याकडच्या विहिरीपायी मोडलं होतं. पुढे त्या नवऱ्याचे गुण कळल्यावर आत्या त्या विहिरीचे आभार मानायला लागली, ती अजून मानते.

त्या वर्षी मूर्तिजापूरची जिनिंग फॅक्टरी बंद पडली आणि मी, म्हणजे धनंजय काळबांडे, बायको आणि चार वर्षांची मुलगी असलेला बाप्या, घरी बसलो. फार खटपटीनं चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचं काम मिळालं. सोमवारी हजर व्हायचं होतं. अडचण एकच होती. बाबा गेल्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आणि आईला त्या घरात एकटं ठेवून जायला माझा जीव धजत नव्हता. आई घर सोडायला तयार नव्हती. शेवटी मी तिला सांगून टाकलं, की तू येणार नसलीस तर मीही जात नाही, तसं कंपनीला कळवतो.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी चहाचा कप माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "चाल, येतो मी पुन्याले. पन घर मी पाहीन. जठी डाळ शिजन तठी राहीन. कोठीच नाई शिजली तर मी वापस येतो अन् तुमी तठी राहा. मंग 'आई नाई तर मी नाई' असं म्हनाचं नाई. नोकरी सोडाची नाई. कबूल?"

मी कबूल म्हणालो. एवढ्या धरणांचं पाणी पिणाऱ्या शहरात डाळ शिजणार नाही असं माझ्या मनातही आलं नाही. आई मात्र तयारीनं निघाली. मुलीला, मिनूला, अकोल्याला तिच्या आजोळी सोडलं, आणि आईनं जाताना स्वतःचं रविवार संध्याकाळचं परतीचं तिकीट काढून बटव्यात ठेवलं. एकटीचं.

तर असे आम्ही तिघं पुण्यात आलो. मला मोशी हवी होती, कारण तिथून चाकण जवळ. माझ्या बायकोला, ज्योत्स्नाला, वारजे हवं होतं, कारण तिथं तिची मावसबहीण राहायची. आईला मूर्तिजापूर हवं होतं.

मोशीच्या ओट्यावर स्टोव्ह भुरभुरायला लागला. आईनं नळाचं पाणी घेतलं, डाळ धुतली, पातेलं चढवलं. मी म्हटलं, "आई, कुकर आणला असता तर लवकर झालं असतं."

"कुकरात तर गोटाबी शिजते. त्यानं पान्याचं काय समजन?"

आम्ही भिंतीला टेकून बसलो. कुंजीरही बसला. सुरुवातीला त्यानं दोन्ही फोनवर आळीपाळीनं बोलून घेतलं, मग तो गप्प होऊन पातेल्याकडे बघत राहिला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दारात डोकावल्या. रिकामं घर, पेटलेला स्टोव्ह आणि भोवती बसलेली माणसं पाहून त्यांनी हसून विचारलं, "दूध उतू घालताय का? मुहूर्त आहे वाटतं."

"डाळ शिजवून राह्यलो," आई म्हणाली.

बाई जरा विचारात पडल्या. "अच्छा, तुमच्याकडे डाळ असते का," म्हणून आत गेल्या, आणि हळदीकुंकू घेऊन आल्या. आईनं ते लावून घेतलं. शुभकार्य चालू आहे असं समजून त्यांनी आम्हाला चहाही पाठवला.

चहा झाला, वेळ गेला, पाणी दोनदा वाढवलं. आईनं पळीवर चार दाणे घेतले, फुंकले, बोटांत दाबले आणि माझ्या तळहातावर ठेवले. दाणे टणक होते.

"उचल सामान," आई म्हणाली.

माझी मोशी अशी हातची गेली. खाली येताना कुंजीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, पाणी चांगलंय हो इथलं. माझी बहीण राहते या एरियात. तिच्याकडे मी आमटी खाल्लीय."

"मला सांगून काय उपयोग? ते आईच्या हातात आहे."

"आईच्या नाही हो, डाळीच्या," कुंजीर म्हणाला, आणि त्यानं व्हॅनचं दार जरा जोरातच लावलं.

दुपारी वारजे. इथं ज्योत्स्ना फार आशेनं आली होती. मावसबहिणीचं घर खिडकीतून दिसत होतं, तिच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीसुद्धा ओळखू येत होत्या. आणखी एक गोष्ट अशी, की कुंजीरनं वेळ वाचवायला दुसरं एक गिऱ्हाईकही तिथंच बोलावून घेतलं होतं. नव्यानं लग्न झालेलं जोडपं. दोघं हातात हात घालून बेडरूम बघत होते.

कुंजीर या वेळी पुढे सरसावला. "मावशी, तुम्ही बसा. दमलाय. पाणी मी आणतो." पातेलं घेऊन तो मोरीत गेला आणि भरून घेऊन आला. मला त्याचं कौतुक वाटलं. मोशीच्या अनुभवानंतरही माणूस इतका मदतीला तत्पर!

पुन्हा तसंच. स्टोव्ह, भिंत, वाट पाहणं. नव्या नवरीनं विचारलं, "काकू, हे काय चाललंय?" आईनं तिला शेजारी बसवून जड पाणी, हलकं पाणी, त्यानं पोटाला काय होतं, केसांना काय होतं, बाळंतिणीला काय होतं ते सगळं समजावून सांगितलं. नवरी डोळे मोठे करून ऐकत होती. नवऱ्यानं तिचा हात सोडून कुंजीरचा दंड धरला.

आईनं पळी वर काढली. दाणे दाबले.

"नाई शिजली."

"मग आपल्यालाही नको," नवरी ताडकन उठून म्हणाली. "डाळ शिजत नसेल तर काय राहायचं तिथं?"

"अहो ताई, तुमच्याकडे कुकर आहे ना!" कुंजीर जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेला. ती दोघं थांबली नाहीत. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. तो आईच्या पातेल्याकडे, मग नळाकडे, मग पुन्हा पातेल्याकडे बघत होता. नंतर खाली व्हॅनपाशी तो ज्योत्स्नाला हळू आवाजात काहीतरी सांगत होता आणि ती भुवया उंचावून ऐकत होती. मी जवळ गेलो तशी दोघं गप्प झाली.

"काय म्हणत होता?" मी ज्योत्स्नाला विचारलं.

"काही नाही. उद्या लवकर निघू म्हणत होता."

रविवारी सकाळी धायरी. आता कुंजीर हट्टाला पेटला होता. आदल्या दिवशी आम्हाला टाळता येईल तर बरं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं, आज त्याला डाळ शिजवूनच दाखवायची होती. आई पातेलं चढवून खोल्या बघायला आत गेली आणि परत येऊन पातेल्यावरचं झाकण काढलं, तर आत डाळीचा फेसाळ पिवळा लगदा. मला तर आनंदानं ओरडावंसं वाटलं.

आईनं पळीला जीभ लावली. तिचं तोंड वाकडं झालं.

"सोडा कोनं टाकला?"

कुंजीर खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या शर्टाच्या खिशावर खायच्या सोड्याची पांढरी भुकटी सांडलेली होती.

"अरे लेका," आई त्याला म्हणाली, तेही न रागावता, "मी चाळीस वर्षं वरन करून राह्यलो. सोड्यानं शिजवलेली डाळ अन् सोताहून शिजलेली डाळ, दोनाईत लय फरक असते."

"मावशी, माफ करा," कुंजीर म्हणाला. "माझ्याच्यानं बघवेना. रात्री झोपेतही मला ती डाळच दिसत होती."

आई हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग तिनं बटवा उघडून तिकिटावरची वेळ बघितली आणि माझं हसू मावळलं. मला वाटलं होतं त्याहून ही गोष्ट फार लवकर हातातून चालली होती. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. उद्या मी कामावर जाईन, संध्याकाळी कुठल्यातरी घरी परत येईन आणि तिकडे मूर्तिजापूरला आई एकटीपुरता एक वाटी भात टाकेल, हे काही केल्या मला सोसेना. ज्योत्स्ना मागून आली. म्हणाली, "अजून एक घर आहे ना."

"तिथलं पाणी काय वेगळं असणार आहे?"

"बघू तर," ती म्हणाली.

ते शेवटचं घर थेरगावचं. तिथं जायचं आमच्यापैकी कोणाच्याच मनात नव्हतं. कुंजीरकडे दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून त्यानं ते दाखवलं. जुनी तीन मजली इमारत, तळमजल्याला पिठाची गिरणी, सगळ्यात वर दोन खोल्या आणि त्यांना लागून उघडी गच्ची. गिरणीची घरघर खालून येत होती आणि जिन्याच्या कठड्यावर पिठाचा थर होता. मला ते अजिबात आवडलं नाही. कंपनी लांब, मावसबहीणही लांब.

आई सवयीनं ओट्याकडे निघाली. पण मध्येच थांबली आणि गच्चीच्या दाराकडे वळली. आम्ही सगळे मागोमाग. गच्चीवर कडक ऊन होतं. आईनं पायातली चप्पल काढून जमिनीला पाय लावला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि कुंजीरला विचारलं, "उन्हाळ्यात ऊन कोनत्या बाजूनं येते?"

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच ऊन, मावशी. सावली कसलीच नाही. तोच प्रॉब्लेम आहे या घराचा, खोटं कशाला बोलू."

"अन् खालची गिरनी? गहू दळते का फक्त, का डाळबी भरडते?"

"सगळंच करतो तो."

आई कठड्यापाशी जाऊन खाली गिरणीकडे बघत उभी राहिली. मग मागे न वळता म्हणाली, "ज्योत्स्ना, डाळ तू धू. मी येतो जरासाक वेळानं."

ज्योत्स्ना आत गेली. पाठोपाठ कुंजीरला फोन आला, म्हणजे तो कानाला मोबाइल लावून जिन्यावरून धावत खाली गेला. परत आला तेव्हा धापा टाकत होता आणि त्याच्या शर्टाचा खिसा फुगलेला होता. मी म्हटलं, पुन्हा सोडा! मी त्याला अडवणार तोच ज्योत्स्नानं माझ्याकडे असं काही बघितलं की मी गच्चीवर जाऊन आईशेजारी उभा राहिलो. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तेवढं मला कळत होतं.

थोड्या वेळानं आई आत आली. पातेल्याजवळ गेली, झाकण काढलं, वाफ तोंडावर घेतली आणि तशीच वाकून राहिली. मग मान वर करून तिनं ज्योत्स्नाकडे पाहिलं. ज्योत्स्ना ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून उभी होती, रस्त्यात कोणी हिसकावून नेईल असं. आईनं ते टोक पाहिलं. कुंजीरनं डोळे मिटून घेतले होते आणि तो बहुतेक देवाचं नाव घेत होता.

आईनं पळी भरली. दाणे बोटांत दाबले. पिवळं बोट मला दाखवलं.

"शिजली," ती म्हणाली.

कुंजीरनं मला मिठी मारली. मग ज्योत्स्नाकडे वळला, थांबला, आणि आईच्या पाया पडला. "मावशी, भात आणतो!" म्हणून तो खानावळीकडे पळाला. आईनं वरणात मीठ, हळद टाकली, ज्योत्स्नाला म्हणाली, "उतरव आता." पातेल्याचे काठ तापलेले. आधीच्या घरांत आई ते पदरानं धरून उतरवायची. या वेळी तिनं बटव्यातून ते तिकीट काढलं, दुहेरी घडी केली आणि ज्योत्स्नाच्या हातात दिली. "याच्यानं धर. ओढनी जळन तुही."

आम्ही चौघांनी त्या रिकाम्या घरात फरशीवर बसून वरणभात खाल्ला. कुंजीर तीनदा जेवला. अजून दर दिवाळीला येतो, फराळाला हात लावत नाही, वरण मागतो.

थेरगावच्या पाण्याला मी मनोमन हात जोडले आणि पुढची दहा-अकरा वर्षं कंपनीत ज्याला त्याला सांगत सुटलो, की अख्ख्या पुण्यात पाणी असेल तर थेरगावला. दोन माणसांनी माझ्या शब्दावर तिथं घर घेतलं.

आई रुळली. कुरडया, पापड, सांडगे यांनी ती गच्ची भरून जायची. गिरणीवाल्याला तिनं डाळ भरडायची वऱ्हाडी पद्धत शिकवली आणि त्याच्याशी रोज भांडायला लागली. मिनू त्याच जिन्यातल्या पिठावर बोटानं अक्षरं गिरवायला शिकली. मला बढती मिळाली, दोन पैसे हाताशी आले, तेव्हा मी एका रविवारी वाकडच्या नव्या टॉवरचं पत्रक घरी आणलं. लिफ्ट, बाग, पोहायचा तलाव. आईनं ते चष्मा लावून वाचलं.

"बरं हाये," ती म्हणाली. "चाल, पाहून येऊ. डाळ घेतो."

आत गेली आणि एक काचेची बरणी घेऊन आली. तिच्यात धोतराच्या फडक्यातली एक पुरचुंडी होती. मी ते फडकं ओळखलं.

"ही त्या वेळचीच डाळ?" मी म्हणालो. "अजून आहे? मला वाटलं, ती थेरगावच्या वरणातच संपली."

ज्योत्स्ना पोळी लाटता लाटता हसायला लागली. लाटणं ठेवून हसली. मग आईही. त्या दोघी हसत होत्या आणि मी पत्रक हातात घेऊन दोघींकडे आळीपाळीनं बघत होतो. घरात दहा-अकरा वर्षं एक नाटक चालू असावं आणि आपण प्रेक्षकांतही नसावं, असं माझं झालं.

"तुम्हाला खरंच कळलं नव्हतं?" ज्योत्स्ना म्हणाली. "अहो, वारज्याला कुंजीरनं पातेल्यात नळाचं पाणी घातलंच नव्हतं. बाटलीचं विकत आणून ओतलं होतं. त्यातही शिजली नाही म्हणून घाबरून मला सांगत आला. मग माझ्या लक्षात आलं. पाण्यात काय आहे? डाळच जुनी! सासरे गेले त्याच वर्षीची, त्या पिंपातली. एरंडेल लावून ठेवलेली. त्या पिंपाला आई कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत, विसरलात?"

मी विसरलो नव्हतो, मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे पुरुषांना डाळ ताटात आल्यावर दिसते.

"तुहे बाबा शेतातून आनत होते ना तूर," आई म्हणाली. "ती शेवटची. त्याईनं सोता भरडून आनली होती, अन् मंग खायलेच राह्यले नाई. म्या ठेवली तशीच. ते शिजनार नाई हे मले मालूम होतं. म्हनूनच आनली."

"म्हणजे तुला यायचंच नव्हतं."

"नव्हतं. अन् तुह्या नोकरीच्या आड बी याचं नव्हतं. मंग काय करू? मी नाई म्हटलं असतं तर तू हट्ट धरला असता. डाळ नाई म्हनते तर तू कोनाशी भांडशील?"

ज्योत्स्ना म्हणाली, "तीन घरांत आईंनी पाण्याशिवाय एकदाही काही विचारलं नव्हतं. थेरगावला गच्चीवर गेल्या आणि ऊन विचारलं. मग मी कुंजीरला खाली पाठवून वाण्याकडची नवी डाळ मागवली. आईंना कळलं नाही असं मी अजून समजत होते."

"एरंडेलाचा वास नाई अन् मले कळनार नाई?" आई तिला म्हणाली. "झाकन काढल्याबरोबर समजलं. खोटं पकडनार होतो मी तुह्यं. मंग तुह्या ओढनीकडे पाह्यलं." ती माझ्याकडे वळली. "हिनं नवी डाळ टाकली, पन जुनी फेकली नाई. ओढनीच्या टोकाले गाठ मारून ठेवली, अन् मंग गुपचूप माह्या फडक्यात परत टाकली. एक दाना खाली नाई पडू देल्ला. तवा म्हटलं, हिच्याजवळ राह्यलं जाते. फेकली असती तर मी त्याच गाडीनं गेलो असतो, धनू."

स्टोव्ह, बाटलीचं पाणी, सोडा, नवं जोडपं, सगळं आठवून मी हसत होतो, आणि मध्येच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्योत्स्नानं पोळी उलटली. वाकडचं पत्रक मी कपाटावर टाकून दिलं. त्यानंतर आणखी दोनदा असं पत्रक घरात आलं. दोन्ही वेळा आईनं बरणी काढली, त्या डाळीतली चिमूटभर उकळून बघितली आणि नाही शिजली म्हणून जाहीर केलं. आम्ही अजून थेरगावलाच आहोत.

गेल्या वर्षी मिनूला बंगळूरची नोकरी लागली. कुठल्या भागात घर घ्यावं यावर तिच्या मैत्रिणींची आठवडाभर फोनाफोनी चालली होती. मी नकाशा उघडून बसलो होतो. निघायच्या दिवशी आई काठी टेकत आली आणि तिनं मिनूच्या हातात एक छोटी पुरचुंडी ठेवली.

"आजोबाची डाळ हाये. जठी हे शिजन तठी राहाजो. नाई शिजली तर वापस ये."

मिनू हसली, तिला सगळी गोष्ट पाठ होती. तिनं आजीच्या पाया पडून पुरचुंडी पर्समध्ये ठेवली. आई खोलीत गेल्यावर ज्योत्स्ना स्वयंपाकघरातून आली आणि तिनं मिनूच्या बॅगेत किलोभर नव्या डाळीचं पाकीट कोंबलं. त्या दोघी मायलेकी एकमेकींना बिलगून रडल्या. मी बॅगेची चेन लावायच्या खटपटीत होतो, ती काही मला लवकर लागली नाही.

पंधरा दिवसांनी मिनूचा फोन आला. आईला कमी ऐकू येतं म्हणून मी स्पीकर चालू केला.

"आजी, घर मिळालं! आणि आज वरण केलं. शिजलं गं!"

आईनं ज्योत्स्नाकडे पाहिलं. ज्योत्स्ना कोथिंबीर निवडत होती, तिनं मान खाली घातली.

"कोनती डाळ टाकली होती?" आईनं विचारलं.

तिकडे मिनूनं तोंडातला घास गिळला. मग म्हणाली, "दोन्ही. एकत्रच टाकल्या. आता जेवतेय, दाताखाली येते गं मधून मधून."

आई खुर्चीत जरा मागे टेकली.

"येऊ दे," ती म्हणाली.